दागिने गहाण टाकायला दागिने असावे लागतात

लघुपटासाठी लोकांकडून पैसे गोळा करणे म्हणजे कलेच्या नावाने झोळी फिरवणे, असे एका जाणत्या चित्रपट-अभ्यासकाने नुकतेच जाहीर भाषणात सांगितले. सभागृहाने टाळ्या दिल्या. टाळ्या देणाऱ्यांत पहिला लघुपट करू पाहणारी तरुण मुलेही होती, आणि मला संताप आला तो त्यामुळे. ज्यांची वाट या वाक्याने बंद होणार, तीच मुले माना डोलावत होती.

वक्त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. कथेत दम असेल तर निर्माता मिळतोच. नाही मिळाला तर खऱ्या कलावंताने स्वतःचे किडूकमिडूक विकावे. फाळक्यांनी नाही का बायकोचे दागिने गहाण टाकले! आता तर मोबाइलवर सिनेमा होतो, मग पैसे लागतात कशाला? ओळखीपाळखीच्या माणसांना भिडेला पाडून पाचशे-हजार काढायचे, शेवटच्या पाट्यांत त्यांची नावे टाकायची आणि विषय संपवायचा, हा सगळा खेळ आहे. आणि या पैशांचा हिशोब कोण देतो?

शेवटचा प्रश्न रास्त आहे, त्याकडे येतो. बाकीच्यांत तथ्य नाही.

निर्मात्याचे आधी. वीस मिनिटांच्या चित्रपटाला तिकीटबारी नसते. त्याचे टीव्हीचे हक्क कोणी घेत नाही. राज्याचे चित्रपट अनुदान मुख्यतः पूर्ण लांबीच्या चित्रपटांसाठी आखलेले आहे. यूट्यूबच्या जाहिरातींतून साउंड रेकॉर्डिस्टचे एका दिवसाचे पैसेही सहसा सुटत नाहीत. जिथे परताव्याची वाटच नाही, तिथे व्यवहारी माणूस भांडवल घालील कसा? तो आला नाही यावरून कथेचा कस ठरवणे हा कथेवर अन्याय आहे. येतो तो एखादा ब्रँड, आणि मग पडद्यावर आजी शेवटचे श्वास मोजत असतानाही उशाशी ठेवलेल्या पुड्यावरचे नाव कॅमेऱ्याकडे तोंड करून असावे लागते. ही मिंधेगिरी वक्त्यांना खटकली नाही. दोनशे माणसांनी विनाअट दिलेले पाचशे रुपये मात्र खटकले.

आता फाळके. हा दाखला इतक्या व्यासपीठांवरून इतक्या बेफिकिरीने दिला जातो की एकदा तो नीट उलगडायलाच हवा. १९१२ साली फाळक्यांनी आयुर्विमा तारण ठेवून लंडन गाठले आणि यंत्रसामग्री आणली. परत आल्यावर त्यांनी लगेच ‘राजा हरिश्चंद्र’ केला नाही. आधी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याला कोंब कसा फुटतो, वेल कसा चढतो, हे दिवसामागून दिवस एकेक फ्रेम घेत टिपले. ‘अंकुराची वाढ’ ती हीच इवलीशी फीत. ती त्यांनी केली पैसे देऊ शकणाऱ्या माणसांना दाखवण्यासाठी. हे यंत्र मला चालवता येते, ही कला मला येते, आता भांडवल द्या, असे ती फीत सांगत होती. आज कोल्हापूरची एखादी मुलगी दोन मिनिटांचा नमुना चित्रित करून लोकांसमोर ठेवते आणि उरलेल्या अठरा मिनिटांसाठी मदत मागते, तेव्हा ती फाळक्यांच्याच पावलावर पाऊल टाकत असते. ज्या माणसाचे नाव घेऊन तिला गप्प केले जाते, त्याने दुसऱ्यांचे पैसे मागितले होते, आणि त्यासाठी लघुपटच केला होता.

राहिले दागिने. ते सरस्वतीबाईंचे होते. त्यांनी तेवढेच दिले असे नाही. कच्च्या फिल्मच्या कडेला भोके पाडणे, अंधारखोलीतली कामे, उन्हात पांढरी चादर धरून प्रकाश परतवणे आणि वर सगळ्या चमूचा स्वयंपाक, हे त्यांनी केले. त्या बाईंपुढे मी हात जोडतो. पण त्यांच्या त्यागाचा नियम करून तो पुढच्या पिढीच्या माथी मारणे मला अमानुष वाटते. घरातल्या बाईचे सोने आणि तिचे बिनपगारी श्रम यांच्यावर चित्रपट उभा राहिला, ही आपल्या इतिहासातली हृदयद्रावक हकिकत आहे. ती काही अर्थसंकल्पाची पद्धत नव्हे.

आणि खिशातून करायचे म्हणजे कोणी करायचे? ज्याच्या खिशात आहे त्याने. एवढी साधी गोष्ट व्यासपीठावरून दिसत नाही याचे मला दुःख होते. परभणीकडच्या दोन एकर कोरडवाहू जमिनीवरच्या घरातली मुलगी काय गहाण टाकील? सोने असलेच तर ते बी-बियाण्याच्या हंगामात आधीच सोसायटीत किंवा सावकाराकडे गेलेले असते. तिच्याकडे गोष्ट असते. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांची, त्यांच्या मागे बंद राहणाऱ्या दाराची, त्या दारासमोर सांभाळायला ठेवलेल्या शेरडांची. ही गोष्ट पुण्यातल्या फ्लॅटमध्ये चित्रित होत नाही. तिला थळ लागते, फड लागतो, पहाटेचा उजेड लागतो, बैलगाड्या लागतात. ‘स्वतःच्या पैशाने करा’ या उपदेशाचा परिणाम म्हणून आपल्याकडे कोणते लघुपट होतात ते पाहा. एक फ्लॅट, दोन पात्रे, एक रात्र, एक जुने गुपित. मित्राचा फ्लॅट फुकट मिळतो म्हणून कथा फ्लॅटमध्ये घडते. रात्री रस्त्याचा आवाज कमी म्हणून कथा रात्री घडते. पैशाच्या टंचाईने आधी विषय निवडला जातो आणि मग आपण म्हणतो, आजच्या तरुणांना शहरी एकटेपणाखेरीज काही सुचत नाही. सुचते. परवडत नाही.

या उपदेशाचा दुसरा बळी म्हणजे बाकीची माणसे. दिग्दर्शकाने स्वतःच्या खिशातून केले असे आपण अभिमानाने सांगतो तेव्हा त्याचा अर्थ बहुतेक वेळा असा असतो की कॅमेरामनने फुकट केले, एडिटरने फुकट केले, स्पॉटदादाला चहापाण्यावर भागवले. ‘पुढच्या फिल्मला नक्की देतो’ हे वाक्य ज्यांनी ऐकले नाही असे तंत्रज्ञ मराठी लघुपटांच्या दुनियेत क्वचितच सापडतील. पुढची फिल्म येत नाही, आली तरी तिच्यातही हेच वाक्य येते. मागून आणलेल्या पैशाने बूम धरणाऱ्या मुलाला दिवसाचे मानधन मिळत असेल, तर ते मागणे मला त्या स्वाभिमानाहून शतपटीने अधिक नैतिक वाटते, कारण त्या स्वाभिमानाची किंमत दुसराच कोणी चुकवत असतो.

हा वाद नवा नाही. साठीच्या दशकात सायक्लोस्टाइल करून अनियतकालिके काढणाऱ्या तरुणांनाही हेच ऐकावे लागले होते. लेखनात कस असता तर प्रस्थापित मासिकांनी छापले नसते का, वर्गणी काढून कागद काळे करण्याची हौस कशाला, असे तेव्हाचे जाणते विचारत. त्या कागदांवर जे छापले गेले त्यातले कितीतरी पुढे विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत गेले आणि त्याच जाणत्यांच्या शिष्यांनी त्यावर प्रबंध लिहिले. लघुपट ही मोठ्या चित्रपटाकडे जाण्याची पायरीच आहे, तिच्यावर खर्च काय करायचा, हाही असाच एक जुना आणि आळशी युक्तिवाद. कथा ही कादंबरीची पायरी आहे असे मराठीत कोणी म्हणून पाहावे. कथाकार त्याला उभा करणार नाहीत. ‘पिस्तुल्या’ हा लघुपट पाहिलेल्या माणसाला तो कशाची तरी तयारी वाटत नाही. तो पूर्ण आहे.

मोबाइलचा मुद्दा एका हिशोबात निकालात निघतो. पंधरा माणसे, चार दिवस. दोन वेळचे जेवण, नाश्ता, चहा मिळून माणशी दिवसाला तीनशे रुपये धरा. अठरा हजार झाले. अजून कॅमेरा बाहेर काढलेला नाही. मोबाइल जेवू घालत नाही, गावापर्यंत गाडी करून देत नाही, वाऱ्यातला संवाद स्वच्छ टिपत नाही, मिक्सिंग करत नाही. महोत्सवांची प्रवेश फी तो भरत नाही, आणि परदेशी महोत्सवांची ती बहुतेकदा डॉलरमध्ये असते. राष्ट्रीय पुरस्काराला पाठवायचे तर सेन्सॉरचे प्रमाणपत्र लागते, त्याचेही पैसे पडतात.

भिडेबद्दल एवढेच की पाचशे रुपये नाकारता न येणारा माणूस लघुपटाआधीही भिडस्तच होता.

लोकांच्या पैशाने खरी कला होते का? १९७६ चा ‘मंथन’ घ्या. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये दिले आणि श्याम बेनेगलांचा चित्रपट उभा राहिला. पटकथा आपल्या विजय तेंडुलकरांची. तो लागला तेव्हा शेतकरी ट्रक भरभरून आपला चित्रपट पाहायला गेले. २०२४ मध्ये त्याची पुनरुज्जीवित केलेली प्रत कान महोत्सवात दाखवली गेली. तिथे एक सहकारी संघ पाठीशी होता हे खरे. केरळात दिग्दर्शक जॉन अब्राहम आणि त्यांच्या ओडेसा चमूमागे तेही नव्हते. ते गावोगाव पडदा लावत, चॅप्लिनचा ‘द किड’ दाखवत आणि प्रेक्षकांकडून जमलेल्या पैशांतून त्यांनी १९८६ चा ‘अम्मा अरियान’ केला. पवन कुमारच्या कन्नड ‘लुसिया’साठी लोकांनी सुमारे पन्नास लाख रुपये महिन्याच्या आत जमवले. ओनीरच्या ‘आय अॅम’मध्ये चारशेहून अधिक माणसांचा वाटा होता आणि त्याला सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. हे सगळे पूर्ण लांबीचे चित्रपट आहेत, मान्य. पण जे दोन तासांसाठी चालते ते वीस मिनिटांसाठी लाजिरवाणे कसे ठरते, हे कोणी तरी समजावून सांगावे.

महाराष्ट्राला तर हे शिकवण्याची गरजच नाही. अंताजी दामोदर काळे या शिक्षकाने माणशी पैसा-पैसा जमवण्याची कल्पना काढली, टिळकांनी तिच्यामागे बळ लावले आणि १९०८ साली तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला. गावच्या जत्रेतल्या तमाशाची सुपारी आजही घरटी वर्गणीतून जाते. पाडव्याच्या सुमारास नारायणगावला फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच तिथे येऊन खेळ ठरवतात, बयाणा देतात. तो पैसा कोणा एका धनिकाचा नसतो, गावाचा असतो, आणि फडमालकाला झोळीवाला म्हणण्याची कोणाची छाती नाही. कारण गावाने आधी पैसे दिलेले असतात आणि मग गाव खेळ पाहायला बसते. लघुपटाला नेमके हेच नाते हवे आहे. आपल्या लघुपटांचे खरे दुखणे प्रेक्षक नसणे हे आहे. दोनशे माणसांनी पैसे दिले तर चित्रपट पुरा होण्याआधीच त्याची वाट पाहणारी दोनशे घरे तयार होतात.

आता हिशोब. इथे मी वक्त्यांच्या बाजूने आहे, आणि त्यांच्याहून कडक आहे. पैसे मागणाऱ्याने पहिल्याच ओळीत सांगावे की ही गुंतवणूक नाही, परतावा मिळणार नाही. नफ्यात वाटा देतो असे सांगून सरसकट लोकांकडून पैसे उचलायला आपला कायदा मोकळीक देत नाही; खाजगीरीत्या समभाग द्यायचे तरी कंपनी काढावी लागते आणि वर्षाला दोनशे माणसांची मर्यादा असते. परदेशातल्या मराठी मंडळींकडून घेताना त्यांचे नागरिकत्व विचारावे. भारतीय नागरिकाने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेले पैसे आणि तिकडचे नागरिकत्व घेतलेल्याने दिलेले पैसे, यांना परकीय देणग्यांच्या कायद्यात एकच माप नाही. अंदाजपत्रक आधी जाहीर करावे, त्यात जेवण आणि मानधन यांचे रकाने असावेत. रक्कम पुरी जमली नाही तर काय करणार, पैसे परत की छोटा चित्रपट, तेही आधीच सांगावे. चित्रीकरण संपल्यावर खर्चाचा तक्ता पैसे देणाऱ्या प्रत्येकाला पाठवावा, आणि पहिला खेळ महोत्सवाच्या नियमांत बसेल तेव्हा त्यांच्यासाठीच करावा, जमले तर जिथे चित्रित केला त्या गावात. हे न करणारे आहेत. त्यांच्यामुळेच वक्त्यांना टाळ्या मिळतात.

म्हणून त्या सभागृहात टाळ्या दिलेल्या मुलांना सांगतो, लाजू नका, मागा, आणि पै-पैचा तक्ता द्या. आणि वाचकहो, पुढच्या वेळी तुमच्या ओळखीचे कोणी लघुपटासाठी पैसे मागायला आले तर आधी अंदाजपत्रक मागा. त्यात साउंडवाल्याचे मानधन लिहिलेले असेल, तर पाचशे रुपये द्या.