फलकावरची रिकामी ओळ

सरकारी कार्यालय, रुग्णालय किंवा बसस्थानकात शिरताना ‘धूम्रपान निषिद्ध क्षेत्र’ असा फलक हमखास दिसतो. उल्लंघन झाल्यास तक्रार कोणाकडे करायची, त्या व्यक्तीचे नाव लिहिण्यासाठी त्यावर जागा असते. अनेक ठिकाणी ती कोरीच राहते. फलकाखालच्या कोपऱ्यात विडीची थोटके पडलेली असतात आणि दम्याचा रुग्ण नाकाला रुमाल लावून तेथून पुढे सरकतो. चांगला कायदा कागदावरच का राहतो, याचे उत्तर त्या कोऱ्या ओळीत आहे.

मुंबईचे नेते मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ रोजी रुग्णालये, शाळा, न्यायालये, सार्वजनिक कार्यालये आणि सार्वजनिक वाहनांत धूम्रपानाला मनाई केली. पाठोपाठ २००३ चा तंबाखू नियंत्रण कायदा आला. २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झालेल्या नियमांनी कामाची ठिकाणे, मॉल आणि चित्रपटगृहेही त्याच्या कक्षेत आणली. ‘उघड्यावर तर ओढतोय’ ही सबब रेल्वे स्थानक, बसथांबा किंवा स्टेडियममध्ये चालत नाही, कारण नियमांनी ही ठिकाणे मोकळ्या जागेच्या सवलतीतून वगळली आहेत. दंड २०० रुपयांपर्यंत आहे.

याच नियमांतील एक तरतूद मात्र फारशी कोणाला ठाऊक नसते. जागेचा मालक, व्यवस्थापक किंवा प्रभारी अधिकारी यांनी तक्रार येऊनही काही केले नाही, तर जितके गुन्हे घडले तितका दंड त्यांच्यावर बसू शकतो. म्हणजे जबाबदारी ओढणाऱ्याइतकीच जागा सांभाळणाऱ्याचीही आहे. शाळेत मुख्याध्यापकांना, रेल्वे स्थानकात स्टेशन मास्तरांना, टपाल कार्यालयात पोस्टमास्तरांना दंड वसूल करण्याचे अधिकार दिलेले आहेत. पोलिसांची वाट पाहण्याचे कारण नाही.

हा प्रश्न शिस्तीपुरता नाही. तंबाखूच्या धुरात सात हजारांहून अधिक रसायने असतात आणि त्यांपैकी सुमारे सत्तर कर्करोगाला कारण ठरणारी आहेत. स्वतः न ओढणाऱ्याला हा धूर सतत सोसावा लागला, तर हृदयविकाराचा धोका साधारण २५ ते ३० टक्क्यांनी वाढतो. लहान मुलांत दम्याचे झटके, छातीचा संसर्ग आणि कानाचे दुखणे वाढते. या धुराची सुरक्षित मात्रा नाही. खिडकी उघडल्याने किंवा पंखा लावल्याने तो पुरता जात नाही. बंदिस्त जिन्यात तर तो वर चढतो आणि दारांच्या फटींतून घरात शिरतो. पहिल्या मजल्यावरच्या सिगारेटचा खोकला तिसऱ्या मजल्यावरच्या बाळाला होतो, तो असा.

गृहनिर्माण संस्थांत प्रश्न अधिक नाजूक होतो. राहत्या घराच्या आत हा कायदा पोहोचत नाही आणि निवासी इमारतीच्या जिन्याचा किंवा लिफ्टचा त्यात नाव घेऊन उल्लेख नाही. त्यातच शेजाऱ्याशी वाईटपणा कोण घेणार, हा संकोच असतो. रोज समोरासमोर भेटणाऱ्या माणसाविरुद्ध अर्ज करणे सोपे नसते. म्हणूनच हे काम एकट्या कुटुंबावर टाकू नये. सर्वसाधारण सभेत ठराव करून जिना, लिफ्ट, वाहनतळ आणि गच्ची धूरमुक्त ठरवावी, फलक लावावा आणि तक्रार घेणाऱ्या पदाधिकाऱ्याचे नाव त्यावर लिहावे. मग ‘काका, इथे नको, बाहेर जाता का?’ एवढे म्हणण्याचे बळ कोणालाही मिळते. त्यामागे एकट्याची कुरकूर नसते, सगळ्या इमारतीचा निर्णय असतो.

सार्वजनिक ठिकाणी तक्रार करतानाही भांडण टाळावे. धूम्रपान करणाऱ्याचे छायाचित्र समाजमाध्यमांवर टाकून काही साधत नाही, हाणामारी मात्र होऊ शकते. फलकावरच्या व्यक्तीकडे जावे. नाव नसेल, तर दिवस, वेळ आणि नेमकी जागा लिहून कार्यालयप्रमुखाकडे अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. ‘नेहमी कोणीतरी ओढते’ या तक्रारीवर काही होत नाही. ‘दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात, दुपारी जेवणाच्या सुट्टीत’ या तक्रारीवर होऊ शकते.

कारवाईत भेदभावही नको. आवारात विडी ओढणाऱ्या नातेवाइकाला पावती फाडायची आणि केबिनमध्ये सिगारेट शिलगावणाऱ्या साहेबांकडे काणाडोळा करायचा, असे झाले तर कायद्याचा धाक राहत नाही आणि आदरही नाही. शिवाय ओढणारा माणूस व्यसनात अडकलेला असतो. पावतीबरोबरच त्याला १८००-११-२३५६ हा तंबाखूमुक्तीसाठीचा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक द्यायला हवा.

नवा कायदा करण्याची किंवा मोठ्या खर्चाची यासाठी गरज नाही. प्रत्येक कार्यालयप्रमुखाने उद्या सकाळी दारातल्या फलकासमोर उभे राहावे आणि कोऱ्या ओळीवर एक नाव लिहावे. ते नाव स्वतःचे असेल, तर अधिकच उत्तम.