छायाचित्राची साक्ष

एखादी सुंदर गोष्ट दृष्टीस पडली, की ती दुसऱ्याला दाखवल्यावाचून माणसाला चैन पडत नाही. अंगणातल्या जास्वंदीवर आलेला शिंजीर, पहिल्या पावसानंतर माळावर धरलेली हिरवळ, शाळेच्या वाटेवर ओल्या चिखलातून पाणी शोषणारी फुलपाखरे, असे काही पाहिले, की मूल धावत घरी येते आणि ‘चला, पाहायला चला’ म्हणून साऱ्यांना ओढू लागते. पण मोठी माणसे पायांत चपला सरकवीपर्यंत शिंजीर उडून गेलेला असतो. पाहिलेले दाखवता येत नाही, ही रुखरुख फार जुनी आहे. छायाचित्राने ती पुष्कळशी दूर केली.

आरंभी ही गोष्ट सोपी नव्हती. इंग्लंडमधील रिचर्ड आणि चेरी कर्टन या बंधूंनी १८९२ मध्ये अंडी असलेल्या एका घरट्याचे छायाचित्र घेतले, तेव्हा त्याचे केवढे अप्रूप वाटले! पुढे पाखरांना संशय येऊ नये म्हणून या बंधूंनी बैलाचे कातडे घालून एक पोकळ बैल तयार केला आणि जड कॅमेरा घेऊन ते त्याच्या पोटात दडून बसू लागले. आज असा बैल कोणी करीत नाही. घरोघरी असलेल्या मोबाइलमध्येच कॅमेरा असतो आणि घेतलेले चित्र क्षणार्धात शेकडो लोकांपर्यंत जाऊन पोचते. हौशी माणसांच्या हाती एवढे सामर्थ्य पूर्वी कधीच नव्हते. म्हणूनच एक प्रश्न विचारणे आवश्यक आहे. पाखराचे, फुलपाखराचे किंवा डोंगरदरीचे चित्र दुसऱ्यापुढे ठेवताना त्याचे मोल कशावरून ठरवावे?

पुष्कळांचे उत्तर ठरलेले असते: चित्र सुंदर हवे. हे उत्तर चुकीचे नाही, पण ते अपुरे आहे. छायाचित्र ही एक साक्ष असते. अमुक दिवशी, अमुक ठिकाणी, अमुक प्राणी होता, असे ते सांगते. साक्ष गोड आवाजात दिली, की अडखळत दिली, याला फारसे महत्त्व नाही. ती खरी असली पाहिजे. खोट्या साक्षीने केवढा घोटाळा होऊ शकतो, याचे एक उदाहरण महाराष्ट्रातीलच एका पाखराच्या इतिहासात आहे.

सातपुड्याच्या रानात रानपिंगळा नावाचे एक लहान घुबड राहते. गावाजवळच्या आमराईत दिसणाऱ्या पिंगळ्याचा हा नातेवाईक. पिंगळ्याच्या डोक्यावर पांढऱ्या ठिपक्यांची दाटी असते, तर रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ बिनठिपक्याचे असते. शिवाय तो भर दिवसाही झाडावर बसलेला दिसतो. १८७३ मध्ये ह्यूम या पक्षिअभ्यासकाने त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. त्यानंतर हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकेच नमुने मिळाले आणि त्यांतील शेवटचा १८८४ चा. पुढे रानपिंगळा कोणाच्या दृष्टीसच पडला नाही.

मात्र एक नोंद याला अपवाद होती. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहात रानपिंगळ्याचा एक पेंढा भरलेला नमुना होता आणि त्याला बांधलेल्या चिठ्ठीवर गुजरातमधील मांडवी हे ठिकाण आणि १९१४ हे साल लिहिलेले होते. एवढ्या मोठ्या संग्राहकाच्या शब्दावर कोण अविश्वास दाखवणार? ती नोंद पुस्तकांतून खरी मानली गेली आणि शोध घेणाऱ्यांची पावले भलत्या वाटेला लागली. पाखरू सापडत नव्हते. ते जगातून नाहीसे झाले असावे, असे जाणत्यांनाही वाटू लागले.

अखेर पामेला रास्मुसेन या अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ बाईंनी तो नमुना बारकाईने तपासला, तेव्हा खरा प्रकार उघडकीस आला. खानदेशात डेव्हिडसन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८८० नंतरच्या काही वर्षांत रानपिंगळ्याचे जे नमुने गोळा केले होते, त्यांपैकीच हा एक होता. माइनर्ट्झहागेनने तो संग्रहालयातून लांबवला, त्याची घडण बदलली आणि त्याला स्वतःच्या हाताने खोटी चिठ्ठी बांधली! ही चिठ्ठी बाजूला टाकल्यावर वाट मोकळी झाली. रास्मुसेन आणि त्यांचे सहकारी जुन्या, खऱ्या नोंदींतल्या ठिकाणी शोध घेत हिंडले आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळच्या रानात, सकाळच्या उन्हात, एका उघड्या फांदीवर रानपिंगळा बसलेला त्यांना दिसला. ११३ वर्षांनी! त्यांनी लगोलग त्याची चित्रे घेतली. नंतर मेळघाटातही त्याचा ठावठिकाणा लागला आणि २०१४ मध्ये तो मुंबईपासून फार दूर नसलेल्या तानसाच्या जंगलातही आढळला.

त्या चिठ्ठीवर गावाचे नाव आणि साल या गोष्टी लिहिलेल्या होत्या. पण त्याच खोट्या होत्या. तेव्हा हौशी छायाचित्रकाराने आपल्या चित्राखाली स्थळ, तारीख आणि शक्य तर वेळ खरी लिहावी, हा आग्रह कोणाला क्षुल्लक वाटू नये. पाखरू कोणत्या झाडावर होते, एकटे होते की जोडीने, काय खात होते, हेही लिहिले तर फारच उत्तम. नाव ठाऊक नसेल तर ‘नाव ठाऊक नाही’ असे लिहावे. अंदाजाने ठोकून दिलेल्या नावापेक्षा ते शतपटीने बरे. जाणता मनुष्य पुढे नाव सांगेलच. अशा खऱ्या नोंदींतून काय साधते, ते २०२३ मध्ये दिसून आले. भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा जो मोठा अहवाल त्या वर्षी प्रसिद्ध झाला, तो ३० हजारांहून अधिक पक्षिनिरीक्षकांनी केलेल्या ३ कोटींच्या वर नोंदींवर आधारलेला होता. त्यांतील बहुतेक जण हौशीच होते.

फुलपाखरांच्या बाबतीतही पाहण्याजोगे पुष्कळ असते. अंगणातल्या कढीपत्त्यावर एक चिमुकली, पांढरट डाग असलेली तपकिरी अळी आढळते. प्रथम पाहणाऱ्याला ती पाखराची वाळलेली विष्ठाच वाटते, आणि पाखरांनाही तसेच वाटावे अशी ती निसर्गाची योजना असते. मोठी झाल्यावर हीच अळी हिरवीगार होते, मग तिचा कोश होतो आणि त्यातून काळे, पांढऱ्या ठिपक्यांच्या ओळीचे फुलपाखरू बाहेर पडते. एका कढीपत्त्याच्या झाडाची रोजची अशी चित्रे तारीखवार जमवणारे मूल, दूरच्या अरण्यात जाऊन वाघाचे चित्र आणणाऱ्यापेक्षा कमी प्रतीचे मानण्याचे कारण नाही. डोंगरदऱ्यांचेही तसेच. गावाबाहेरच्या त्याच एका दगडावर उभे राहून दरवर्षी ज्येष्ठात आणि माघात घेतलेली ओढ्याची चित्रे दहा वर्षांनी किती बोलकी होतील!

आता खोट्या साक्षीचा आणखी एक प्रकार पाहावा. फुलपाखरू स्थिर बसत नाही म्हणून ते धरून गारठवावयाचे आणि अर्धमेल्या अवस्थेत फुलावर ठेवून चित्र घ्यावयाचे, असे करणारे लोक आहेत. बेडकाला दोऱ्याने बांधून हवी तशी मुद्रा करावयास लावणारेही आहेत. चित्र पाहणारा ‘वाहवा’ म्हणतो; त्या जिवाचे काय झाले, हे त्याला दिसत नाही. अशा चित्राला सुंदर म्हणणे, हे चोरीच्या दागिन्याचे कौतुक करण्यासारखे आहे.

येथवर स्थळ सांगावे, असे म्हटले. पण स्थळ सांगू नये असाही एक प्रसंग असतो, आणि चित्रच घेऊ नये असाही. तो प्रसंग म्हणजे घरटे.

टिटवी उघड्या माळावर, चार खडे भोवती मांडून जमिनीवरच अंडी घालते. अंड्यांचा रंग मातीसारखा मळकट व ठिपकेदार असल्याने ती सहसा ओळखू येत नाहीत. वैशाखातल्या उन्हात ती भाजून निघू नयेत म्हणून टिटवी त्यांच्यावर सावली धरून उभी राहते; इतकेच नव्हे, तर पाण्यावर जाऊन पोटाची पिसे भिजवते आणि त्या ओल्या पिसांनी अंडी गार ठेवते. अशा वेळी कोणी चित्र घेण्यासाठी जवळ गेले, की ती टाहो फोडीत उडते. चित्र घेणारा दहा मिनिटे थांबतो. त्या दहा मिनिटांत ऊन अंड्यांवर असते आणि जवळच्या बाभळीवरचा कावळा ही सारी गडबड पाहत असतो. झुडपातल्या घरट्याचीही तीच गत. चित्र स्वच्छ यावे म्हणून आड येणारी दोन पाने कोणी दूर करतो. पण ती पानेच पिलांचे छप्पर असतात. मग ते चित्र मित्रांना पाठवले जाते, ठिकाण विचारले जाते, आणि दुसऱ्या दिवशी तेथे आणखी दहाजण येतात. मोबाइलमधील चित्राबरोबर स्थळाची खूणही नकळत जाऊ शकते, हे तर अनेकांना ठाऊकच नसते.

‘एका चित्राने काय मोठे बिघडते?’ असे कोणी म्हणेल. साताऱ्याजवळच्या कास पठाराची फुले पाहण्यास पूर्वी थोडेच लोक जात. पठाराची चित्रे सर्वत्र पोचली आणि गर्दी इतकी लोटली, की फुले पायदळी जाऊ लागली व येणाऱ्यांच्या संख्येवर मर्यादा घालावी लागली. चित्र दाखवणाऱ्या कोणाचाही हेतू वाईट नव्हता. दुसरा कोणी म्हणेल, की कर्टन बंधूंनी घरट्यांची चित्रे घेतलीच ना? घेतली, पण पाखरांचे संसार तेव्हा लोकांना फारसे ठाऊक नव्हते आणि कॅमेरे घेऊन रानात हिंडणारे विरळा होते. आज टिटवीच्या अंड्यांची चित्रे पुस्तकांतून सहज पाहावयास मिळतात. त्यांत आणखी एकाची भर घालण्यासाठी चार अंडी पणाला लावणे कोणत्याही न्यायाने योग्य ठरत नाही. अभ्यासकांना विणीच्या ठिकाणाची नोंद हवीच असते. ती त्यांच्याजवळ गुपचूप द्यावी, चारचौघांत जाहीर करू नये.

हे करणे कठीण आहे, यात शंका नाही. माळावर टिटवी डोक्यावरून घिरट्या घालू लागली, की हातातला कॅमेरा उंचावण्याचा मोह होतोच. अशा वेळी जो मुलगा खाली पाहत, आल्या पावली मागे फिरतो, त्याच्या वहीत त्या दिवशी चित्र नसते. ‘वैशाख वद्य पंचमी, सकाळी आठ, माळावर टिटवीची जोडी, फार ओरडत होती’ एवढीच ओळ असते. महिन्याभराने तो पुन्हा तिकडे जातो आणि दूरच्या बांधावर बसून राहतो. टिटवी गवतातून तुरुतुरु चालत येते. तिच्यामागे मातकट रंगाचे, काटकुळ्या पायांचे एक पिलू धडपडत धावते, लगेच दुसरे, आणि तिसरे. दुरून घेतलेले ते चित्र धूसरच येते. तारीख आणि वेळ खाली लिहून तो ते वर्गात सर्वांना दाखवतो, आणि ‘यात पिले किती, सांगा’ असे विचारतो.