तिसऱ्या औषधाचा हिशेब

अंडाशयाचा कर्करोग बहुधा उदरपोकळीत पसरल्यानंतरच ध्यानात येतो, आणि मग शस्त्रक्रियेच्या जोडीला औषधे द्यावी लागतात. ती किती द्यावीत? एकाने गुण येतो तर तिनांनी अधिक येईल, हा तर्क रुग्णाच्या आप्तांना पटतो. विक्रेत्यांना तर तो सोयीचाच आहे. सीमांत उपयोगितेचा धडा वर्षानुवर्षे शिकविणाऱ्याला मात्र तो संशयास्पद वाटल्यावाचून राहत नाही.

औषधे जोडून कधीच लाभ होत नाही, असे नव्हे. 1996 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन चाचणीत सिस्प्लॅटिनबरोबर जुन्या सायक्लोफॉस्फमाइडऐवजी पॅक्लिटॅक्सेल दिले असता रुग्णांच्या आयुष्याचा मध्यक 24 महिन्यांवरून 38 महिन्यांवर गेला. तथापि 2002 साली 2,074 स्त्रियांवरील ‘आयकॉन-3’ चाचणीने या उत्साहाला वेसण घातली. कार्बोप्लॅटिनला पॅक्लिटॅक्सेलची जोड मिळालेल्या स्त्रिया, आणि एकटे कार्बोप्लॅटिन किंवा जुने त्रि-औषधी मिश्रण मिळालेल्या स्त्रिया, यांच्या आयुष्यात लक्षणीय अंतर आढळले नाही. पुढे 4,312 स्त्रियांवर कार्बोप्लॅटिन-पॅक्लिटॅक्सेल या जोडीत तिसरे औषध मिळविण्याच्या चार पद्धती तपासल्या गेल्या. 2009 साली निकाल आला: एकही पद्धत सरस ठरली नाही. अशा चाचणीला ‘फसलेली’ म्हणण्याचा प्रघात आहे. माझ्या मते तिच्याइतकी फलदायी चाचणी विरळा. कारण पुढच्या असंख्य स्त्रियांच्या शरीरात जाणारे निरर्थक विष तिने थांबविले. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेचा, म्हणजे करदात्यांचा, पैसा तिच्यामागे होता, हेही विसरता येत नाही.

आता 2019 सालची ‘पाओला-1’ पाहा. बेव्हासिझुमॅबला ओलापॅरिबची जोड दिल्यावर रोग पुन्हा बळावेपर्यंतचा काळ 16.6 महिन्यांवरून 22.1 महिन्यांवर गेला. विशिष्ट जनुकीय दोष असलेल्या गाठींत हा लाभ ठळक होता, हे मान्यच केले पाहिजे. परंतु केवळ ओलापॅरिब घेणारा गट या चाचणीत नव्हताच! मग यश जोडीचे की एकाचे, हे ठरवावे कसे? दोन महाग औषधांपैकी एक अनावश्यक असल्याचे सिद्ध करण्यात ती विकणाऱ्यांना स्वारस्य का असावे?

आपल्याकडे उपचाराच्या खर्चाचा मोठा वाटा कुटुंबाच्या खिशातून जातो. म्हणून औषध वगळून पाहणाऱ्या चाचण्यांसाठी सरकारी निधी स्वतंत्रपणे राखून ठेवला पाहिजे, आणि नव्या जोडीला परवानगी देताना तिच्यातील प्रत्येक घटकाचा वेगळा हिशेब मागितला पाहिजे.