दूरच्या प्रवासाचे भाडे



घरात नऊ-दहा वर्षांचे मूल असेल, तर फळीवर एखादे तरी अंतराळयान सापडतेच. कुणाच्या चाचांनी दुबईहून आणलेले असते, कुणी पेणच्या बाजारातून घेतलेले असते, तर कुणी टूथपेस्टच्या खोक्याला पंख चिकटवून स्वतःच केलेले असते. दोन मुले आणि दोन याने एकत्र आली की वाद ठरलेलाच. ‘माझे यान प्रकाशापेक्षा जोरात पळते.’ ‘शक्यच नाही.’ ‘का नाही? पूर्वी विमान तरी कुठे होते?’ तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज येतो, ‘पुरे झाले भांडण, अभ्यासाला बसा!’

या महिन्यात आपण त्या भांडणातच जाऊन बसू. कारण तोही अभ्यासच आहे.

आधी प्रकाशाचा वेग पाहू. दिवा लावला की खोली लगेच उजळते, त्यामुळे प्रकाशाला वेळ लागतच नाही असे वाटते. केपलर आणि देकार्त यांच्यासारख्या युरोपातील मोठ्या विद्वानांचेही तेच मत होते. त्यांच्या सहाशे वर्षे आधी, बसऱ्यात जन्मलेल्या आणि कैरोत काम केलेल्या इब्न अल्-हैसम यांनी मात्र म्हटले होते की प्रकाशालाही एका जागेवरून दुसरीकडे जायला वेळ लागतो, फक्त तो आपल्या लक्षात येत नाही. १६७६ मध्ये ओले रोमर या डॅनिश खगोलशास्त्रज्ञाने गुरूच्या चंद्राच्या ग्रहणांच्या वेळा तपासून याचा पुरावा दिला. आज हा वेग नेमका माहीत आहे : सेकंदाला २,९९,७९२ किलोमीटर. म्हणजे एका सेकंदात पृथ्वीला साडेसात फेऱ्या.

धरमतरच्या खाडीत भरतीच्या पाण्यावर चांदणे पडलेले दिसते ना, ते चंद्रावरून सव्वा सेकंदापूर्वी निघालेले असते. सूर्याचा प्रकाश आठ मिनिटे वीस सेकंदांपूर्वीचा. मे महिन्यात आभाळ स्वच्छ असेल, तर रात्री दक्षिणेला अगदी क्षितिजाजवळ अल्फा सेंटॉरी हा ठळक तारा दिसतो. सूर्य सोडला तर नुसत्या डोळ्यांना दिसणारा तोच आपला सर्वांत जवळचा शेजारी. त्याचा आज दिसणारा प्रकाश सुमारे ४.४ वर्षांपूर्वी निघालेला आहे. पाचवीतल्या मुलीला सांगा, ‘हा उजेड निघाला तेव्हा तू पहिलीत होतीस.’ ती तारा निराळ्या नजरेने पाहील.

मग आपले यान तिथे कधी पोचेल? ५ सप्टेंबर १९७७ रोजी सुटलेले व्हॉयेजर-१ सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने चालले आहे. पेणहून रोह्याला ते दोन-तीन सेकंदांत पोचेल. पण अल्फा सेंटॉरीइतके अंतर कापायला त्याला सुमारे ७७ हजार वर्षे लागतील! म्हणूनच गोष्टी लिहिणाऱ्यांना आणि सिनेमावाल्यांना प्रकाशापेक्षा वेगवान यान हवे असते. १९६६ मध्ये सुरू झालेल्या ‘स्टार ट्रेक’ मालिकेतले यान ‘वार्प’ वेगाने जाते आणि ‘स्टार वॉर्स’मधली याने एका वेगळ्याच अवकाशात उडी मारतात.

इथे मुलांच्या वादाचा खरा मुद्दा येतो. ‘अजून बनवता आले नाही’ आणि ‘निसर्गातच तशी सोय नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विमानाला निसर्गाची मनाई कधीच नव्हती. पक्षी उडतच होते. प्रकाशाचे तसे नाही. आइन्स्टाइनने १९०५ मध्ये मांडलेला सिद्धान्त सांगतो की वस्तू प्रकाशाच्या वेगाजवळ जाऊ लागली की वेग आणखी वाढवायला अधिकाधिक ऊर्जा लागते, आणि प्रकाशाचा वेग गाठायला लागणाऱ्या ऊर्जेला तर अंतच नाही. म्हणजे अडचण इंजिनाची नाही, कायद्याची आहे.

चलाख मूल इथे एक पळवाट काढील. खांदेरीच्या दीपगृहाचा झोत फिरताना मनात आणा. समजा, असाच एक प्रचंड झोत पाच सेकंदांत एक फेरी घेतो आणि थेट चंद्रापर्यंत पोचतो. तर चंद्रावर त्याचा ठिपका सेकंदाला सुमारे ४ लाख ८० हजार किलोमीटर वेगाने सरकेल. झाला की प्रकाशापेक्षा जास्त वेग! पण सरकले काय? ठिपका ही वस्तू नाही. दर क्षणी नवा प्रकाश नव्या जागी पडतो. त्या ठिपक्यावर बसून कोणी प्रवास करू शकत नाही, की एका टोकाची चिठ्ठी दुसऱ्या टोकाला नेऊ शकत नाही. हे कोडे मुलांना घाला आणि उत्तर लगेच सांगू नका.

शास्त्रज्ञही या वादातून सुटलेले नाहीत. १९९४ मध्ये मिगेल आल्कुबिएरे या मेक्सिकन शास्त्रज्ञाने गणिताने दाखवले की यानाच्या पुढचे अवकाश आकसले आणि मागचे पसरले, तर यान जागचे न हलता दूर पोचू शकेल. पण त्यासाठी ऋण ऊर्जा लागते, आणि तशी ऊर्जा हवी तेवढी कोणाच्या हाती आलेली नाही. २०११ मध्ये इटलीतल्या एका प्रयोगात न्यूट्रिनो नावाचे कण प्रकाशापेक्षा सुमारे ६० अब्जांश सेकंद आधी पोचल्याचे जाहीर झाले आणि जगभर गाजावाजा झाला. पुढे तपासणीत एक केबल नीट बसली नव्हती असे निघाले. प्रयोग करणाऱ्यांनी स्वतःच जगाला सांगितले होते, ‘आमचे मोजमाप तपासा.’ भांडावे तर असे.

आपल्या मराठीतही असे एक उदाहरण आहे. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा आली. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. कथेला पहिले बक्षीस मिळाले आणि मग कळले की लेखक आहेत जगप्रसिद्ध खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर. नावाचा दबाव परीक्षकांवर पडू नये म्हणून त्यांनी टोपणनाव घेतले होते, आणि अक्षर ओळखले जाऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंकडून उतरवून घेतली होती. कोण बोलतो यापेक्षा काय बोलतो ते पाहावे, हा धडा घरातल्या वादालाही लागू आहे. धाकटी बहीण बरोबर असेल तर ती बरोबर. याने मुलग्यांची आणि भातुकली मुलींची, ही वाटणी कोणत्याही शास्त्रात लिहिलेली नाही.

खेळण्यांच्या खर्चाचेही दोन शब्द. ‘स्टार वॉर्स’ हा सिनेमा १९७७ च्या मे महिन्यात आला आणि अमेरिकेत त्याच्या खेळण्यांना इतकी मागणी आली की नाताळपर्यंत कंपनीला ती बनवताच आली नाहीत. तेव्हा तिने चक्क प्रमाणपत्र घातलेले रिकामे खोके विकले. खेळणी पुढच्या वर्षी टपालाने आली. गोळा करण्याची हौस वाईट नाही, पण रिकाम्या खोक्यालाही किंमत येते ती आपल्या ओढीमुळे, हे मुलांना कळू द्या. पुण्यात आयुकाच्या बाल विज्ञान केंद्रात अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंतून शेकडो खेळणी करून दाखवली. दहा विकतच्या यानांशेजारी एक तरी स्वतः बनवलेले असावे.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो थेट आपल्या घरातला. आइन्स्टाइनचा सिद्धान्त असेही सांगतो की वेगाने जाणाऱ्याचा काळ सावकाश चालतो. आभाळात दहा-पंधरा किलोमीटर वर तयार होणारे म्युऑन नावाचे कण सरासरी २.२ दशलक्षांश सेकंदांत विरून जायला हवेत. तरी ते जमिनीपर्यंत पोचतात, कारण त्यांचे घड्याळ आपल्या मानाने हळू चालते. समजा, एखादा बाप प्रकाशाच्या ९९ टक्के वेगाने अल्फा सेंटॉरीला जाऊन लगेच परतला. त्याच्या घड्याळात सव्वा वर्ष गेलेले असेल, पृथ्वीवर मात्र जवळजवळ नऊ वर्षे. तीन वर्षांचे सोडून गेलेले मूल बारा वर्षांचे होऊन दारात उभे असेल, आणि बापाच्या हातात तीन वर्षांच्या मुलाचे खेळणे.

कोकणातल्या आपल्या किती घरांना हे समजावून सांगावे लागेल? कोणी जहाजावर, कोणी आखातात. दोन वर्षांनी आणलेला सदरा आखूड होतो, खेळणे लहान पडते. दूरच्या प्रवासाचे भाडे पैशात नाही, काळात भरावे लागते, आणि त्यात कोणालाही सूट नाही.

एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे. मंगळावर गेलेल्या माणसाला इथून सलाम केला, तर जबाब यायला कमीत कमी सहा मिनिटे आणि कधी चाळीसच्या वर लागतील. दुबईचा जबाब तत्काळ येतो. तेव्हा पुढच्या जुम्म्याला अब्बांचा व्हिडिओ कॉल आला की ‘जेवलास का, अभ्यास कर’ एवढ्यावर तो आटपू नका. मुलाला यान घेऊन समोर बसवा आणि अब्बांनी एवढेच विचारावे : ‘प्रकाशापेक्षा जोरात जाते म्हणतोस, कशावरून?’ मग निवांत ऐकावे.

पुढच्या महिन्यात भेटूच. खुदा हाफिज.