यादी म्हणजे नुसती फाईल नव्हे!

मित्रहो, कॉलेजच्या अंकात यादीवर लेख म्हटल्यावर हसाल. पाऊस, कट्टा, मेसची आमटी असे एकापेक्षा एक विषय सोडून हा एक्सेलच्या फाईलवर काय लिहितोय, असंही वाटेल. पण दुसऱ्या वर्षाला असताना माझ्या हातून एक चूक झाली आणि तेव्हापासून कुठलीही नंबरांची यादी उघडली की पोटात गोळा येतो. म्हणून हा खटाटोप.

त्या वर्षी जुलैत पावसानं ठाण मांडलं होतं. कोल्हापुरात राहणाऱ्याला सांगायला नको, त्या दिवसांत चहाच्या गाड्यावर एकच प्रश्न असतो, "राजाराम बंधारा किती फुटांवर?" ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. हे आकडे इथं शाळकरी पोरालाही पाठ असतात. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१, दोन्ही वेळा पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर पाणी आलं आणि गाड्या जागच्या जागी थांबल्या. त्यामुळे पाणी ३९ च्या पुढं सरकलं की होस्टेलवरही धावपळ सुरू होते. कोण खोलीत आहे, कोण गावाला गेलंय, कोण न सांगताच पसार झालंय, याचा हिशेब लागतो.

रेक्टर सरांनी रात्री हजेरी घेतली. बाराजण न सांगता गायब. त्यांच्या घरी ठरलेल्या मजकुराचा एसएमएस पाठवायचा होता. कमिटीतला 'कॉम्प्युटरवाला' म्हणून यादी माझ्याकडे आली. म्हटलं, नावं आधी अकारविल्हे लावून घेऊ, शोधायला सोपं. नावांचा रकाना निवडला आणि सॉर्ट दाबलं. एक्सेलनं बिचाऱ्यानं विचारलंही, की शेजारचे रकानेपण सोबत हलवू का? मी घाईत नको ते बटण दाबलं. नावं हलली, नंबर जागेवरच राहिले. पडद्यावर सगळं कसं छान, रांगेत! बारा नावांपुढं खुणा केल्या, मेसेज सोडले आणि झोपायला गेलो.

रात्री बाराला रेक्टर सर दारात. शिरोळ तालुक्यातल्या एका आईचा फोन आला होता. गावात पाणी शिरलेलं, ती बाई शेजारपाजाऱ्यांबरोबर उंचावरच्या शाळेत येऊन थांबलेली. आणि अशा वेळी तिच्या मोबाईलवर मेसेज, की आपला पाल्य कालपासून वसतिगृहात गैरहजर आहे. लाईट नसल्यानं पोराचा फोन बंद. "सर, माझं लेकरू कुठं हाय, तेवढं सांगा," एवढंच ती म्हणत होती. ते लेकरू माझ्या शेजारच्या कॉटवर घोरत पडलं होतं! त्याला उठवून सरांच्या फोनवरून आईशी बोलायला लावलं, तेव्हा कुठं ती शांत झाली. आणि जे खरोखर गायब होते त्यांच्या घरी? काहीच पत्ता नाही. दुसऱ्या दिवशी सगळे सुखरूप परतले, पण ते माझ्या हुशारीमुळे नव्हे.

सर रागावले नाहीत. "अरे, तू यादी हलवलीस, पण प्रत्येक ओळीमागं एक घर असतं," एवढंच म्हणाले. ते वाक्य अजून टोचतं.

तेव्हापासून मी या विषयाच्या मागं लागलो. माझं मत सरळ आहे. यादी नीट ठेवणं हे 'क्लार्कचं काम' म्हणून झटकून टाकायची गोष्ट नाही. ते इंजिनिअरिंग आहे. पूल बांधताना आपण भार मोजतो, मग चारशे घरांपर्यंत जाणारा निरोप ज्या फाईलवर उभा आहे, ती फाईल कोण तपासणार?

आता यात बिघडतं तरी काय काय, ते बघा. आपल्या फॉर्मवर पत्ता असतो 'मु. पो. अमुक, ता. शिरोळ, जि. कोल्हापूर'. यात स्वल्पविराम किती? सीएसव्ही फाईलमध्ये दोन रकान्यांमधली भिंत म्हणजे स्वल्पविरामच. पत्ता अवतरणचिन्हांत नसेल आणि आपल्यातल्या एखाद्या बहाद्दरानं स्वल्पविरामावर तुकडे करणारा चार ओळींचा प्रोग्रॅम लिहिला असेल, तर तालुका मोबाईलच्या रकान्यात जाऊन बसतो. ज्याचा पत्ता लांब, त्याचा निरोप हुकला. म्हणजे नेमकी खेड्यातली पोरं!

दुसरी गंमत नंबरांची. नंबराला मागं ९१ लावलं की बारा आकडे होतात. एक्सेलला वाटतं ही भलीमोठी संख्या आहे, म्हणून तो ती ९.१९८२२ई+११ अशी दाखवतो. तशीच फाईल सीएसव्ही म्हणून सेव्ह केली की जे दिसतं तेच लिहिलं जातं. पुन्हा उघडा, शेवटचे सहा आकडे शून्य! पुढचे आकडे सारखे असलेले सगळे पालक एकाच नंबरात कोंबले जातात. वर कुणी 'डुप्लिकेट काढा' म्हटलं, तर चारशेची यादी काही डझनांवर येते आणि मशीन म्हणतं, काम फत्ते. मोबाईल नंबर ही संख्या नव्हेच, भावा! त्यात कधी बेरीज करतोस का? मग तो रकाना आधीच 'टेक्स्ट' करून ठेव.

बरं, दहा आकडे मोजले की झालं असंही नाही. कोल्हापूरचा एसटीडी कोड ०२३१. लँडलाईनचे सात आकडे त्याला जोडले आणि सुरुवातीचं शून्य एक्सेलनं खाल्लं, की उरतात बरोबर दहा! मोजणीत पास, पण त्या नंबरवर एसएमएस काही पोचत नाही. म्हणून लांबीबरोबर पहिला आकडाही बघायचा. आपल्याकडचे मोबाईल नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात. शिवाय एकाच चौकटीत तिरकी रेघ मारून वडिलांचा आणि मामांचा असे दोन नंबर, कुणी मराठीत टाईप केलेले आकडे, कुणी मोबाईलवरून कॉपी करताना सोबत आलेली न दिसणारी जागा. डोळ्यांना सगळं ठीक, मशीनला सगळं चूक.

नावांची कथा वेगळी. कित्येक जुन्या याद्या श्रीलिपीसारख्या युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाईप केलेल्या असतात. त्या फॉन्टशिवाय उघडल्या की 'पाटील' च्या जागी नुसतं चिन्हांचं कडबोळं दिसतं. युनिकोडमध्ये टाईप केलं तरी फाईल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह केली नाही तर प्रश्नचिन्हांची रांग लागते. आणि समजा नाव नीट आलं, तरी नावावर भरवसा ठेवू नका. आपल्या कॉलेजात 'पाटील' अशी हाक मारली तर अर्धा वर्ग मागं वळतो! ओळख पटवायची तर पीआरएन नंबरानं. एका मुलाला एकच, आणि तो बदलत नाही.

मजकुराचंही गणित आहे. ३ डिसेंबर १९९२ ला जगातला पहिला एसएमएस गेला, 'मेरी ख्रिसमस' असा. एका एसएमएसमध्ये १४० बाईट मावतात. इंग्रजी अक्षराला ७ बिट लागतात म्हणून १६० अक्षरं बसतात. देवनागरीला १६ बिट, म्हणून फक्त ७०. त्यातही काना, मात्रा, अनुस्वार वेगवेगळे मोजले जातात. 'कोल्हापूर' आपल्याला चार अक्षरांचं वाटतं, मशीन नऊ मोजतं. मजकूर ७० च्या पुढं गेला की त्याचे ६७-६७ चे तुकडे पडतात आणि पैसेही तुकड्यांप्रमाणे लागतात. म्हणून 'सन्माननीय पालक महोदय, आपणांस कळविण्यात येते की' यातच अर्धा मेसेज संपवू नये. घरच्यांना हवं असतं ते एवढंच, मुलगा कुठं आहे आणि फोन कुणाला करायचा.

कुणी म्हणेल, आता व्हॉट्सअ‍ॅप आहे ना, कशाला हवी ही कटकट? बनवा ग्रुप, टाका निरोप. मला हे पटत नाही. ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो. आपल्या बहिणीचा किंवा आईचा नंबर तीनशे अनोळखी लोकांना द्याल का? दुसरं, कित्येक आजी-आजोबांकडं अजून बटणाचाच फोन असतो. पुरात नेट बंद पडलं तरी रेंजची एखादी काडी असेल तर साधा एसएमएस पोचण्याची आशा असते. आणि ग्रुपवर 'शुभ सकाळ' च्या फुलांखाली पुराचा निरोप गाडला जातो, हे काय नवीन आहे?

ई-मेलमध्येही हाच पोरखेळ चालतो. फी थकलेल्यांना एक मेल जातो आणि सगळ्यांचे पत्ते सीसीमध्ये. क्षणात सगळ्या वर्गाला कळतं कुणाच्या घरी पैशाची अडचण आहे. बीसीसी नावाची सोय त्याच खिडकीत असते, तिकडं बघायला अर्धा मिनिट लागतो. पण त्या अर्ध्या मिनिटाच्या आळसापायी एखादा पोरगा महिनाभर मेसमध्ये मान खाली घालून जेवतो. २०२३ मध्ये आपल्या देशात वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. पण हे समजायला कायदाच कशाला हवा?

एकगठ्ठा निरोपाची ताकद सरकारनं केव्हाच ओळखली आहे. सप्टेंबर २०१० मध्ये अयोध्येच्या निकालाच्या वेळी आणि ऑगस्ट २०१२ मध्ये ईशान्येकडच्या लोकांबद्दल अफवा पसरल्या तेव्हा असे एसएमएस काही दिवस बंद केले होते. पुढं ट्रायनं २०१८ च्या नियमांनी पाठवणारा आणि मजकूर दोन्हींची नोंदणी सक्तीची केली. मार्च २०२१ मध्ये ती तपासणी प्रत्यक्ष सुरू झाली तेव्हा बँकांचे ओटीपीसुद्धा अडकले आणि ती काही दिवस थांबवावी लागली. म्हणजे आज मजकुरावर पहारा आहे. पण तो योग्य माणसाला जातोय का, हे मात्र कुठलंच मशीन तपासत नाही. ते काम आपलंच.

मग करायचं काय? फार काही नाही. एका ओळीत एक विद्यार्थी, एका चौकटीत एक नंबर, आणि ओळख पीआरएनवरून. पाठवण्याआधी ओळी मोजा, पाठवल्यावर किती पोचले ते मोजा, दोन्ही आकडे जुळले पाहिजेत. आधी पाच ओळखीच्या नंबरांवर पाठवून त्यांना विचारा, "तुमच्याच पोराचं नाव आलंय ना?" ही एवढी एक सवय मला असती तर त्या आईची ती रात्र वाचली असती. मूळ यादीला हात न लावता तिच्या प्रतीवर काम करा. दरवर्षी पावसाळ्याआधी, म्हणजे मे-जूनमध्येच, प्रत्येक नंबर एकदा पडताळून घ्या, कारण सिमकार्ड बदलतात, माणसं सांगायला विसरतात. आणि ती फाईल दोघांकडंच ठेवा, पेनड्राईव्हवरून गावभर फिरू देऊ नका.

ऑफिसमधल्या काकांना आणि रेक्टर सरांना माझी विनंती आहे, की हे काम एकट्याच्या डोक्यावर टाकू नका. आम्ही पोरं कोडिंग शिकतो, प्रोजेक्टला विषय शोधत वणवण फिरतो. यादी तपासणारा एक छोटा प्रोग्रॅम आमच्याकडून करून घ्या. आणि मित्रहो, तुम्हीही फॉर्मवर घरचा नंबर नीट लिहा. 'नंतर देतो' म्हणून स्वतःचाच दुसरा नंबर ठोकून देणारे महाभाग आपल्यातच आहेत. पुराच्या रात्री तो नंबर तुमच्याच उशाखाली वाजेल!

ती आई नंतर एकदा होस्टेलवर आली होती, डब्यात शेंगदाण्याच्या पोळ्या घेऊन. चूक माझी होती हे मी तिला सांगितलं. तिनं माझ्याही हातावर पोळी ठेवली आणि म्हणाली, "असू दे बाळ, पर पुन्यांदा नीट बघ." तेव्हापासून मी नीट बघतो. तुम्हीही बघा, एवढंच सांगणं.