पीसीला व्हायरस नाही, ‘अलाऊ’ची बाधा झालीय!

गेल्या रविवारी बाबांचा फोन आला. “अरे, कॉम्प्युटरला व्हायरस लागलाय. आज पैसे भरले नाहीत तर सगळे फोटो जातील म्हणतोय.” कार्ड हातात घेऊनच बसले होते. म्हटलं, “बाबा, कशावरही क्लिक करू नका. मी येतो.”

घरी जाऊन बघतो तर स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात थोड्या थोड्या वेळाने एक चौकोन वर येत होता. लाल अक्षरं, उद्गारचिन्हं आणि ‘आत्ताच रिन्यू करा’. फुल स्कॅन केला, काहीच सापडलं नाही. मग क्रोमची नोटिफिकेशनची यादी उघडली. तिथे अनोळखी वेबसाइट्सची रांगच होती!

मित्रांनो, खरी गंमत इथेच आहे. वेबसाइटने थेट नोटिफिकेशन पाठवायची सोय क्रोममध्ये एप्रिल २०१५ मध्ये आली. बातम्या, मेल यासाठी ती कामाची आहे. पण फुकट सिनेमा, पीडीएफ किंवा क्रिकेटचं लाइव्ह शोधताना ‘तुम्ही रोबोट नाही हे दाखवायला अलाऊ दाबा’ असं येतं आणि आपण दाबून मोकळे होतो. नंतर ती साइट बंद केली तरी मेसेज येतच राहतात. विंडोजचे स्वतःचे मेसेज जिथे येतात त्याच कोपऱ्यात हेही येतात, त्यामुळे कॉम्प्युटरच बोलतोय असं वाटतं. अँटीव्हायरसला मात्र बहुतेक वेळा काही दिसत नाही, कारण कॉम्प्युटरमध्ये घातक फाइल नसतेच. असते ती फक्त आपण दिलेली परवानगी.

यात पैसा कोण कमावतं? कुणी क्लिकमागे कमिशन घेतं, कुणी कार्डाचा नंबर काढून घेतं, तर कुणी पॉप-अपमध्ये ‘हेल्पलाइन’चा फोन नंबर देतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयने ‘ऑपरेशन चक्र-२’मध्ये देशभर ७६ ठिकाणी झडती घेतली. त्यातली काही प्रकरणं मायक्रोसॉफ्ट आणि अॅमेझॉनच्या तक्रारींवरची होती. आपल्याकडची कॉल सेंटर्स टेक सपोर्टच्या नावाखाली परदेशातल्या लोकांना लुबाडत होती आणि सुरुवात व्हायची ती अशाच एका पॉप-अपने.

आता गूगललाही जाग आलीय. ज्या साइट्स खूप नोटिफिकेशन पाठवतात, पण ज्यांच्याकडे आपण ढुंकूनही बघत नाही, त्यांची परवानगी क्रोम आपणहून काढून घेईल, असं ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर झालं. पाऊल चांगलं आहे, पण मला त्यात एक गोची दिसते. घाबरून प्रत्येक चौकोनावर क्लिक करणारे माझे बाबा क्रोमला ‘इंटरेस्ट असलेले’ युजर वाटू शकतात. म्हणजे ज्याला मदत सगळ्यात जास्त हवी, तोच सुटायची भीती. म्हणून हे काम आपणच केलेलं बरं.

१. क्रोममध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स असं जा. अनोळखी साइट्स काढून टाका. वर ‘परवानगी विचारूच नका’ हा पर्याय निवडा.

२. एक्स्टेन्शन्सची यादी बघा. जे कुणी टाकलं ते घरात कुणालाच आठवत नाही, ते काढा.

३. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये अॅप्सची यादी तारखेनुसार लावा. त्रास सुरू झाला त्या सुमाराला आलेलं अनोळखी अॅप अनइन्स्टॉल करा.

४. शेवटी विंडोज सिक्युरिटीमधून फुल स्कॅन करा. ते विंडोजसोबतच येतं, वेगळे पैसे लागत नाहीत.

अख्खी स्क्रीन अडवून भोंगा वाजायला लागला तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा आणि टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा. परत उघडल्यावर जुनी पानं रिस्टोअर करू नका. स्क्रीनवर दिलेल्या नंबरवर फोन तर अजिबात नको. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० वर कळवा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणं अवघड.

बाबांचं काम दहा मिनिटांत झालं. मग सहज आईचा फोन बघितला, तर त्यातही सहा साइट्स निघाल्या! आज घरी गेलात की आई-बाबांचा फोन एकदा हातात घ्या. ओरडू नका, फक्त ती यादी त्यांच्यासोबत बसून साफ करा.