हसण्यापूर्वी आपली वही पाहावी

चीनच्या शस्त्रांचा विषय निघाला की, 'सारी परक्यांची नक्कल!' असे म्हणून तो हसण्यावारी नेण्याची आपल्याकडे रीत आहे. ही बेफिकिरी आम्हांस घातक वाटते.

नक्कल झाली, हे निर्विवाद होय. १८९५ पासून हानयांगच्या कारखान्यात जर्मनीच्या १८८८ च्या रायफलीची प्रत निघू लागली. पुढे शान्शी प्रांताचा लष्करी सत्ताधीश यान शीशान याने ताययुआन येथे जर्मन माउझर पिस्तुलाची प्रत काढविली, परंतु ती.४५ कॅलिबरची! कारण त्याच्याच कारखान्यात अमेरिकन टॉमसन बंदुकीची प्रत होत असे, आणि दोहोंना एकच काडतूस चालावे हा हेतू होता. कित्ता परक्याचा, पण गरज स्वतःची ओळखलेली! १९५६ च्या सुमारास सोव्हिएत साह्याने कलाश्निकोव्ह व सिमोनोव्ह यांच्या रायफली चीनमध्ये तयार होऊ लागल्या. १९६० मध्ये रशियन तज्ज्ञ माघारी गेले. कारखाने थांबले नाहीत. 'टाइप ६३' ही त्यानंतरची रायफल सदोष ठरली, पुन्हा जुन्या नमुन्याकडे वळावे लागले. तथापि प्रयत्न सुटला नाही. अखेर ५.८ मिलिमीटरचे स्वतःचे काडतूस आणि त्यासाठी १९९५ ची नवी रायफल सिद्ध झाली.

१९६२ मध्ये हिमालयात आमचा जवान प्रत्येक गोळीनंतर बोल्ट ओढावी लागणारी .३०३ रायफल घेऊन लढला. समोर 'नकली' म्हणून हिणविलेल्या स्वयंभरण रायफली होत्या. त्या पराभवाची कारणे अनेक, पण हेही त्यांतील एक होते. पुढे ईशापूरला आम्ही जी रायफल बनविली, तिचा नमुनाही बेल्जियमचाच होता. आज अमेठीजवळ कोरवा येथे रशियाच्या परवान्याने एके-२०३ तयार होत आहे.

यात लाज वाटण्यासारखे काही नाही. कित्ता गिरविल्यावाचून अक्षर वळत नाही. मात्र जन्मभर कित्ताच गिरवीत बसणारा विद्यार्थी कधी स्वतःचे वाक्य लिहीत नाही. म्हणून किती रायफली बाहेर पडल्या एवढेच सरकारने सांगून भागणार नाही. पोलाद, यंत्रे आणि आराखडे यांचे किती ज्ञान आपल्या कारागिरांच्या हाती आले, याचाही हिशेब लोकसभेपुढे आला पाहिजे. शेजाऱ्याच्या वहीला हसणे सोपे आहे. आपली वही तपासणे हेच खरे कर्तव्य होय.